तव्यावरची कॉफी, थर्मासातली कॉफी

मराठी घरात कॉफीला नेहमीच थोडा पाहुण्याचा मान राहिला आहे. चहा रोजचा. तो कुणी मागावा लागत नाही आणि कुणाला विचारावा लागत नाही. कॉफी मात्र कारणाने होते. एकादशीच्या उपासाला, रात्री जागायचे असले म्हणजे, आजारातून उठलेल्या माणसाच्या तोंडाला चव यावी म्हणून. दुधात उकळलेली, गोड, वर जायफळ किसलेले. या कॉफीला यंत्राची गरज कधी पडली नाही. एक पातेले आणि एक गाळणे, एवढ्यावर तिचे भागले. दक्षिणेकडच्या मंडळींचा पितळी किंवा स्टीलचा फिल्टर माटुंग्याच्या वाटेने आपल्याकडे आला, तोही काही घरांपुरताच.

पण मुले-मुली परदेशी गेली आणि त्यांच्यामागून आई-वडीलही सहा-सहा महिन्यांसाठी न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियाच्या वाऱ्या करू लागले. तिथल्या ओट्यावर त्यांना एक निराळेच प्रकरण दिसले. रात्री पाणी आणि पूड भरून ठेवायची, सकाळी बटण दाबायचे आणि पाचसात मिनिटांत भांडेभर कॉफी तयार. परत येताना ‘एखादे आपणही न्यावे का?’ हा विचार पुष्कळांच्या मनात येतो. आता तर ही यंत्रे मुंबई-पुण्याच्या दुकानांतही मिळतात. मग प्रश्न पडतो तो निवडीचा. हजार-दोन हजार रुपयांपासून काही दहा हजारांपर्यंतची यंत्रे शेजारी शेजारी मांडलेली असतात, आणि विक्रेता सांगतो ते बटणांविषयी. घड्याळ आहे, दिवा लागतो, ‘स्ट्राँग’ असे लिहिलेली कळ आहे. ज्या दोन गोष्टींवर कॉफीची चव अवलंबून असते त्यांविषयी मात्र तो सहसा बोलत नाही. पहिली, पुडीवर पडणारे पाणी किती गरम असते? आणि दुसरी, भांड्यात उतरल्यानंतर त्या कॉफीचे पुढे काय होते?

ब्लॉटिंग पेपरपासून सुरुवात

‘ठिबक’ हा शब्द आपल्याला शेतीने दिला. ठिबक सिंचनात पाणी भसाभस सोडायचे नसते. ते हळूहळू आणि प्रत्येक मुळाशी सारखे पोचवायचे असते. ठिबक कॉफीचे तत्त्व तेच. गरम पाणी पुडीच्या थरातून सावकाश आणि सगळीकडून सारखे झिरपले पाहिजे. मध्येच चर पडून पाणी तिथूनच निघून गेले तर तेवढी पूड नको तितकी धुतली जाते आणि कडेची कोरडी राहते. एकाच पेल्यात मग कडूपणाही येतो आणि पाणचटपणाही.

या कॉफीचा जन्म जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात एका गृहिणीच्या हातून झाला. मेलिटा बेंट्झ हे तिचे नाव. कॉफीच्या तळाशी राहणाऱ्या गाळाला आणि कडवटपणाला कंटाळून तिने मुलाच्या वहीतला ब्लॉटिंग पेपर काढला, भोके पाडलेल्या पितळी भांड्यात ठेवला आणि त्यावर पूड घालून गरम पाणी ओतले. 1908 साली तिने त्याचे पेटंट घेतले. आजही कागदी फिल्टरच्या पुड्यांवर तिचे नाव छापलेले असते. हे ओतण्याचे काम विजेवर सोपवणारे ‘विगोमॅट’ नावाचे यंत्र 1954 मध्ये, पुन्हा जर्मनीतच, गोटलोब विडमान यांनी आणले.

अमेरिकेतल्या घरांत तेव्हा पर्कोलेटरचे राज्य होते. त्यात तयार झालेली कॉफीच पुन्हा उकळून पुडीवरून फिरवली जाते; तिचा काढा होतो. क्लीव्हलँड शहरातील व्हिन्सेंट मरोटा आणि सॅम्युएल ग्लेझर या दोन भागीदारांनी 1972 मध्ये ‘मिस्टर कॉफी’ हे घरगुती ठिबक यंत्र बाजारात आणले. जाहिरातीला त्यांनी बेसबॉलचा महान खेळाडू जो डिमॅजिओ याला उभे केले. यंत्र घरोघर गेले आणि त्याबरोबर काचेचे भांडे व त्याखालचा तापलेला तवाही घरोघर गेला.

तव्याचे दुखणे

हा तवा कसा आला हे समजून घेण्याजोगे आहे, कारण निवडीचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. साध्या ठिबक यंत्रात पंप वगैरे काही नसतो. टाकीतले गार पाणी एका झडपेतून खालच्या धातूच्या नळीत उतरते. नळीला चिकटून तापणारी तार असते. पाणी उकळू लागले की वाफेचे बुडबुडे होतात, झडपेमुळे त्यांना मागे जाता येत नाही, म्हणून ते पाण्याला ढकलत वर नेतात आणि ते पाणी पुडीवर शिंपडले जाते. फारच सोपी, म्हणूनच स्वस्त आणि टिकाऊ रचना. काचेच्या भांड्याच्या यंत्रात हीच तापणारी तार वरच्या तव्यालाही तापवते. म्हणजे एका खर्चात दोन कामे. पाणी संपले तरी तवा तापतच राहतो.

कॉफी गरम ठेवण्यासाठी केलेली ही सोय कॉफीचा घात करते. तव्यावर ठेवलेल्या कॉफीतले पाणी उडत जाते, त्यामुळे ती दाट आणि कडू होते. तिचा वास, ज्यासाठी एवढा खटाटोप केला, तो वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरतो आणि पेल्यात उरत नाही. शिवाय कॉफीतील क्लोरोजेनिक नावाची आम्ले सतत उष्णता मिळत राहिली की फुटतात आणि त्यांतून क्विनिक व कॅफेइक आम्ले तयार होतात. जिभेला लागणारा तो तुरट आंबटपणा आणि घशाशी येणारी जळजळीत चव त्यांचीच. पहिला पेला उत्तम आणि अर्ध्या तासानंतरचा तोंड वाकडे करायला लावणारा, असा अनुभव आला की लोक पुडीला दोष देतात. पुडीचा त्यात काही अपराध नसतो.

युरोपात या तव्याची दखल कायद्यानेही घेतली. कारण अर्थात चवीचे नव्हे, विजेचे होते. युरोपीय संघाच्या 2013 च्या नियमानुसार 2015 पासून विकल्या जाणाऱ्या घरगुती ठिबक यंत्रांना कॉफी तयार झाल्यावर आपोआप बंद व्हावे लागते. साध्या भांड्याच्या यंत्राला त्यासाठी जास्तीत जास्त 40 मिनिटे मिळतात, उष्णता राखणाऱ्या भांड्याच्या यंत्राला फक्त 5. या दोन आकड्यांत सगळा फरक आला. एकाला उष्णता देत राहावे लागते, दुसऱ्याला ती मिळालेली असते आणि तो ती जपून ठेवतो.

थर्मास : आपला जुना ओळखीचा

उष्णता राखणारे भांडे म्हणजे दुसरे काही नाही, आपला थर्मास. इस्पितळात रुग्णाच्या उशाशी, रात्रीच्या आगगाडीत बाकाखाली, परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाच्या टेबलावर असणारा. सर जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने अतिशीत वायू साठवण्यासाठी 1892 मध्ये दुहेरी भिंतीची, मधली हवा काढून टाकलेली बाटली बनवली. त्याने पेटंट घेतले नाही. जर्मनीतील राइनहोल्ड बुर्गर याने तिला धातूचे कवच चढवले आणि 1904 पासून ती ‘थर्मॉस’ या नावाने विकली जाऊ लागली. ड्यूअर कोर्टात गेला आणि हरला. भिंतींमध्ये हवाच नसल्यामुळे उष्णतेला बाहेर जायला वाहन मिळत नाही, आणि चकचकीत आतली भिंत उरलीसुरली किरणे परत आत फेकते. कॉफीसाठी याचा अर्थ सरळ आहे. तिला पुन्हा शिजवले जात नाही. थर्मासातली कॉफी अमर असते असे नाही; तासा-दोन तासांत तिचाही तजेला उतरतो. पण ती बिघडते हळूहळू, करपत नाही.

तरीही ‘थर्मास आहे’ एवढ्यावर यंत्र घेऊ नये, कारण थर्मास-थर्मासात फरक असतो. आत काच असलेला चवीला स्वच्छ, पण ओट्यावर एकदा आपटला की संपला. स्टीलचा टिकाऊ. दुकानात असतानाच त्याचे तोंड पाहावे. हात किंवा बाटली घासायचा ब्रश आत जातो का? कॉफीचे तेल भिंतीला चिकटते, खवट होते आणि पुढच्या प्रत्येक भांड्याला आपला वास देते. अरुंद तोंडाचा थर्मास महिन्याभरात या रोगाला बळी पडतो. खाण्याचा सोडा घातलेले कढत पाणी रात्रभर भरून ठेवणे हा त्यावरचा उतारा.

मग झाकण. कॉफी झाकणातूनच आत उतरते, म्हणजे तिथे भोक असणारच. ते भोक नंतर बंद होते का, की उष्णता दिवसभर तिथून निसटते? काही भांड्यांत झाकणापासून तळापर्यंत एक नळी असते. तिचा उपयोग असा की पहिली दाट कॉफी आणि शेवटची पातळ कॉफी यांचे थर न राहता ती मिसळत जाते. नळी नसेल तर ओतण्यापूर्वी भांडे एकदा हलकेच गोल फिरवावे, नाहीतर पहिल्या पेल्यात आणि शेवटच्या पेल्यात दोन वेगळ्या कॉफ्या मिळतील.

आणि वजन. सव्वा लिटर कॉफीने भरलेले स्टीलचे भांडे दोन किलोंच्या आसपास जाते. ज्या घरात संधिवाताचे हात ते उचलणार आहेत, त्या घराने मोठ्या आकाराचा मोह टाळावा. ओतण्याची कळ अंगठ्याने सहज दबते का, शेवटचा पेला ओतताना भांडे किती वाकवावे लागते, हे साधे पाणी भरून दुकानातच पाहून घ्यावे. विक्रेता थोडा कुरकुरेल. कुरकुरू द्यावे.

वॅटचे गणित

आता पहिला प्रश्न, पाण्याच्या उष्णतेचा. 1950 च्या दशकात अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट या शास्त्रज्ञाने कॉफीतून किती अर्क निघावा याचा पद्धतशीर अभ्यास केला. पुडीच्या वजनाच्या 18 ते 22 टक्के भाग पाण्यात उतरला तर कॉफी गोडसर आणि संतुलित लागते. त्याखाली ती आंबट-कच्ची, त्यावर कडू. हे प्रमाण साधायला पाणी साधारण 92 ते 96 अंश सेल्सियस असावे आणि संपूर्ण क्रिया चार ते आठ मिनिटांत संपावी, हा संकेत त्यानंतर रूढ झाला. स्पेशालिटी कॉफी असोसिएशन ही आंतरराष्ट्रीय संस्था याच प्रकारच्या कसोट्यांवर घरगुती यंत्रांना प्रमाणपत्र देते. नेदरलँड्समधील ‘मोकामास्टर’, जे 1968 पासून बनते आहे, त्या पंक्तीतले नामांकित यंत्र. त्याची किंमत अमेरिकेत तीनशे डॉलरच्या वर आहे, हेही सांगून टाकायला हवे.

प्रत्येकाने तेच घ्यावे असे मुळीच नाही. पण यंत्राच्या पाठीवर किंवा तळाला चिकटवलेली पट्टी प्रत्येकाने वाचावी. एक लिटर पाणी 25 अंशांवरून 95 अंशांवर न्यायला, थोडीही उष्णता वाया गेली नाही असे धरले तरी, 600 वॅटच्या यंत्राला आठ मिनिटांहून अधिक लागतात. 1,400 वॅटच्या यंत्राला साडेतीन. प्रत्यक्षात उष्णता वाया जातेच. म्हणजे सहाशे वॅटच्या यंत्राला पूर्ण लिटरभर कॉफी वेळेत करणे शक्यच नाही; अर्धा लिटर जेमतेम जमेल. थर्मास कितीही भारी असला तरी त्यात उतरणारी कॉफीच अर्धवट आणि कोमट असेल तर तो काय राखणार? त्याला तवा नाही, तो उणीव भरून काढू शकत नाही. म्हणूनच थर्मासाचे यंत्र घेताना वॅट अधिक काटेकोरपणे पाहावे लागतात. कॉफी करण्यापूर्वी कढत पाण्याने भांडे विसळून घेतले तर गार स्टील पहिल्या पेल्यांची उष्णता पिऊन टाकत नाही. एवढ्या साध्या सवयीने फरक कळतो.

दुसरी फसगत ‘कपां’ची. खोक्यावरचा ‘दहा कप’ म्हणजे आपले दहा मग नव्हेत. यंत्रांचा कप सव्वाशे ते दीडशे मिलिलिटरचा. अडीचशेच्या मगाने पिणाऱ्यांसाठी ‘दहा कपां’चे यंत्र पाच-सहा मगांचे. तरीही मोठेच घ्यावे असे नाही, कारण थर्मास भरलेला असेल तरच नीट काम करतो. तळाशी दोन पेले असलेला मोठा थर्मास लवकर निवतो.

सामानातून येणारे यंत्र

अमेरिकेहून येणाऱ्या प्रत्येक भाचीकडे यंत्राची फर्माईश करणाऱ्यांनी इथे थोडे थांबावे. तिथली वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची. पिनेला नुसता जोड लावून ते यंत्र इथे लावले तर पहिल्याच दिवशी त्याची तार जळेल. दीड हजार वॅटच्या यंत्राला तेवढ्याच ताकदीचा, किंबहुना थोडा अधिक ताकदीचा, व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. तो कित्येक किलोंचा असतो आणि ओट्यावर कॉफी यंत्राएवढीच जागा मागतो. शिवाय तिथली वीज सेकंदाला 60 आवर्तनांची आणि आपली 50 ची असल्याने, विजेच्या आवर्तनांवर चालणारे घड्याळ त्या यंत्रात असेल तर ते इथे तासाला दहा मिनिटे मागे पडते. पहाटे सहाला लावलेली कॉफी मग सहाला होणार नाही. युरोपातून आणलेले 230 व्होल्टचे यंत्र मात्र पिन बदलून इथे चालते. इथे घ्या की तिथून आणा, दीड हजार वॅटच्या यंत्राला साडेसहा ॲम्पियर वीज लागते. भिंतीतला साधा 6 ॲम्पियरचा पॉइंट त्याला अपुरा पडतो. गीझर किंवा इस्त्रीसाठी असतो तसा मोठा पॉइंट ओट्यापाशी आहे का, हे यंत्र घेण्यापूर्वी पाहिलेले बरे.

पाणी जड असेल, विशेषतः बोअरचे किंवा टँकरचे, तर त्या नळीत क्षार साचतात, पाणी वर चढेनासे होते आणि यंत्र खोकल्यासारखे आवाज काढू लागते. महिन्या-दोन महिन्यांनी सायट्रिक ॲसिडचे, म्हणजे लिंबूसत्त्वाचे, पाणी त्यातून फिरवावे आणि नंतर दोनदा साधे पाणी. ही निगा राखायची नसेल तर महागड्या यंत्राच्या वाटेला जाऊ नये.

पूड आणि दूध

माटुंग्याहून आणलेली फिल्टर कॉफीची पूड या यंत्रात घातली की हमखास घोटाळा होतो. ती फार बारीक असते आणि बहुतेक वेळा तिच्यात चिकोरी असते. कागद तुंबतो, पाणी वरून येतच राहते आणि काळा चिखल ओट्यावर उतरतो. इथे बिनचिकोरीची, मध्यम जाड, रव्यासारखी हाताला लागणारी पूड हवी. दुकानात तशी दळून मागावी. प्रमाण लिटरला 55 ते 60 ग्रॅम. ही कॉफी मुळात बिनदुधाची किंवा नावाला दूध घालून प्यायची आहे. आपल्यासारखे अर्धे दूध ओतले की ती पातळ लागते आणि मग ‘यांच्या कॉफीत काही राम नाही’ असे आपण म्हणतो. दूध हवेच असेल तर पूड वाढवून लिटरला 75-80 ग्रॅम घ्यावी आणि दूध वेगळे गरम करून पेल्यात घालावे. थर्मासात दूध कधीही घालू नये. ते कोमट होत गेले की नासते आणि वास कायमचा मागे ठेवते. जायफळ मात्र पेल्यावर खुशाल किसावे.

यंत्र कुणासाठी?

एवढे सगळे पाहून कुणी विचारील, हा खटाटोप हवाच का? दोघांचे घर असेल, दोघे एकाच वेळी कॉफी पीत असतील, तर प्रामाणिक उत्तर ‘नको’ असेच आहे. कागदी फिल्टर बसवायचा एक शंकू, किटलीतले कढत पाणी आणि घरातला जुना थर्मास, एवढ्यात मेलिटा बेंट्झने केली तशी उत्तम कॉफी होते. उरलेल्या पैशांत ताजी भाजलेली पूड वर्षभर येईल.

पण ज्या घरात माणसे वेगवेगळ्या वेळी उठतात तिथली गोष्ट निराळी. सहाला फिरायला जाणारे आजोबा, सातला डबे भरणारी सून, रात्रपाळीहून आठला परतणारा मुलगा आणि नऊला डोळे चोळत येणारी नात. अशा घरात गॅसवर चार वेळा पातेले चढते, आणि ते चढवणारे हात बहुधा एकाच बाईचे असतात. तव्याचे यंत्र या घरात आले तर सहाला केलेली कॉफी आठपर्यंत करपते, आणि मुलासाठी ती बाई पुन्हा उठतेच. थर्मासाचे चांगले यंत्र असले तर कॉफी एकदाच होते आणि जो तो आपल्या वेळेला आपला पेला ओतून घेतो. आठची कॉफी सहाच्या तोडीची नसेल, पण तिच्यासाठी कुणाला हातातले काम टाकून ओट्याशी यावे लागत नाही.

म्हणून किमतीचा हिशेब करताना बटणे मोजू नयेत. तळाची पट्टी वाचावी, थर्मासात हात घालून पाहावा आणि आपल्या घरात सकाळी पातेले किती वेळा चढते ते मोजावे. हा शेवटचा आकडा एक किंवा दोन असेल तर पैसे खिशातच ठेवावेत. चार असेल तर यंत्र महाग वाटले तरी घ्यावे, आणि पहिला पेला त्या चार वेळा उठणारीला बसवून द्यावा.